राहून गेलेली आंघोळ

पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या सपाटीवर जी वाडी आहे, तिथं माणसाला बाजूला बसवायची रीत फार जुनी. आणि त्याला परत घरात घ्यायचीही. बाळंतीण असो, घरात मयत होवो, पोराच्या अंगावर कांजण्या उठोत, त्या माणसाचं ताट वेगळं, पेला वेगळा, अंथरूण पडवीत. पण ते कधीतरी संपायचं. घरातली थोरली बाई निंबाचा पाला टाकून पाणी तापवायची, बाजूला बसलेल्याच्या डोक्यावर पहिला तांब्या आपल्या हातानं ओतायची आणि म्हणायची, "चल आत." झालं. त्यानंतर कुणी त्याचा पेला वेगळा धरला, तर धरणाऱ्यालाच चार शब्द ऐकावे लागत.

जानकीच्या डोक्यावर हा तांब्या पडलाच नाही. तिला बाजूला बसवलं ते मुंबईच्या इस्पितळानं, आणि इस्पितळाला काही निंबाच्या पाल्याची रीत ठाऊक नव्हती.

पंच्याण्णव सालची गोष्ट. जानकी तेव्हा पंचविशीतली, कडेवर दीड वर्षाची अमिता. अचानक तिचे हात थरथरायला लागले. छाती धडधडायची, भर थंडीत घाम फुटायचा, दोन भाकऱ्या जास्त खाऊनही अंग वाळत चाललं होतं. डोळे असे बाहेर आले की वाडीतली पोरं तिच्याकडं बघून आईच्या पदरात तोंड लपवत. सासूनं, धोंडूबाईनं, आधी अंगारा लावला, मग कोंबडं दिलं. शेवटी धाकटा दीर सुधीर तिला महाडच्या डॉक्टरकडं घेऊन गेला.

सुधीर महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर कामाला. दहावी पास, हिंदी येत होतं, थोडं इंग्रजी वाचता येत होतं. त्यामुळं डॉक्टरशी बोलायचं खातं आपसूक त्याच्याकडं आलं. जानकीचा नवरा नाथू हा गुरांचा माणूस. तो म्हणाला, "तू जा रे बाबा, मला त्यातलं काय कळत नाय." आणि सुटला. न कळण्याचा असा फायदा काही माणसं जन्मभर घेतात.

महाडचे डॉक्टर म्हणाले, गळ्यातली थायरॉइडची गाठ जास्त काम करतेय. वर्षभर गोळ्या झाल्या. गाठ काही ऐकेना. मग मुंबई. तिथं ठरलं, किरणांचं आयोडीन द्यायचं. म्हणजे असं की ते प्यायचं, ते जाऊन बरोबर त्या गाठीत बसतं आणि तिला आतून जाळतं. हे ठरलं डॉक्टर आणि सुधीर यांच्यात. गळा जानकीचा होता, पण तिला कुणी विचारलं नाही.

एका खोलीत तिला बसवलं. हातमोजे घातलेला एक माणूस शिशाचं जड भांडं घेऊन आला. त्यातली एवढीशी बाटली त्यानं चिमट्यानं उचलली, तिच्यापुढं ठेवली, नळी घातली, "पी जाओ" म्हणाला आणि दाराआड जाऊन उभा राहिला. जानकी प्यायली. पाण्यासारखंच होतं, चव नाही, वास नाही. देणारा चिमट्यानं धरतो आणि दाराआड उभा राहतो, असं हे काय आहे, हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण विचारायचं कुणाला? दाराला?

परतताना एसटीत सुधीर म्हणाला, "वैनी, आता तुझ्या अंगात किरणं हायेत. ल्हान पोरापासून लांब राहायचं. ताट-पेला वेगळा ठेवायचा."

"किती दिवस वं भावजी?"

"सांगतील ते."

अमिताला त्याच दिवशी महाडला सुधीरच्या बायकोकडं, रंजिताकडं ठेवलं. रंजिताच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. पोर दोन दिवस आईसाठी आकांत करत होती म्हणे. मग थांबली. पोरं थांबतातच, त्यांना दुसरा इलाज नसतो.

वाडीवर धोंडूबाईनं सून पडवीत घातली. ताट आणि पेला खुंटीशी वेगळा ठेवला. तिला हे सगळं पाठच होतं, फक्त शेवट कधी करायचा तेवढं कळेना. ती म्हणायची, "ह्ये दुखनं आपल्याकडचं नाय. ह्येचं पानी कवा घालायचं त्ये इस्पितळानं सांगाया पायजे." सुधीर शिमग्याला येवो, गणपतीला येवो, म्हातारी त्याला विचारायची, "काय म्हनले रे दाक्तर?" तो बूट काढता काढता म्हणायचा, "अजून काय बोलले नाय."

तीन महिन्यांनी तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर हसून सुधीरला काहीतरी इंग्रजीत बोलले होते. त्यातला 'बेबी' एवढा एक शब्द जानकीला कळला होता. सुधीरनंही हसून मान हलवली होती. दोन शिकलेली माणसं काहीतरी चांगलं बोलतायत, एवढंच तिला वाटलं. तिलाही बरं वाटलं होतं.

थरथर गेली, धडधड गेली, अंगावर मांस आलं. उलट गाठ आता पार थंडावली, तर तिची भरपाई म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, ती जन्मभर. पावसाळ्यात पडवी गळते म्हणून जानकी घरात निजायला आली. पण ताट वेगळं ते वेगळंच राहिलं. गंमत बघा. भाकऱ्या तिनंच थापायच्या, शेण तिनंच काढायचं, लावणीला कमरेत वाकायला तीच पुढं. तिथं ती किरणं कुणाला आडवी आली नाहीत. अंधार पडल्यावर नाथूलाही त्यांचं भय वाटत नव्हतं. घाबरायचं होतं ते फक्त तिच्या पेल्याला, आणि घाबरायला शिकवायचं होतं तिच्या पोरीला.

अमिता महाडच्या शाळेत जायला लागली. सणाला वाडीवर यायची ती रंजिताचा हात धरून. रंजिताला मम्मी म्हणायची, जानकीला आई. पण आई हा शब्द ती उंबऱ्यापलीकडून म्हणायची. एकदा जानकीनं पोरीच्या केसात अडकलेली काडी काढायला हात पुढं केला, तर पोर मागं सरली. "मम्मी म्हणते तुझ्या अंगात किरणं आहेत," ती म्हणाली. शहाण्या पोरीसारखं, अगदी शांतपणे. त्या दिवशी जानकी गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून रडली. रागावली मात्र नाही. पोरीच्या भल्याचंच आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. आठ वर्षं समजावलं.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात तिला चढ चढवेना. दंडावर, मांडीवर निळे डाग उठायला लागले. डाव्या बरगडीखाली काहीतरी टणक लागायचं. महाडला रक्त तपासलं, तर तिथल्या डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला आणि सुधीरला बाहेर बोलावलं. पुन्हा मुंबई. पुन्हा सुधीर.

रक्ताचा कॅन्सर निघाला.

वाडीला कळायला वेळ लागला नाही. धोंडूबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "त्या औषदाचंच हाय ह्ये." आणि सुधीर काय म्हणाला? पडवीत बसून चहाची बशी फुंकत तो म्हणाला, "म्हणून तर आम्ही पोरगी लांब ठेवली. बघ, खरं ठरलं का नाय." नाथूनं मान डोलावली. जानकी चुलीपाशी होती. तिला वाटलं, बरोबर बोलतायत. ज्या किरणांनी माझं रक्त नासवलं, त्यांनी पोरीचंही नासवलं असतं.

उपचार ठरवायला जानकी आणि सुधीर मुंबईला गेले, तेव्हा समोर एक डॉक्टरीणबाई होत्या. मध्यमवयीन, केस पांढरे व्हायला लागलेले. मुख्य म्हणजे मराठी बोलणाऱ्या, आणि सुधीरकडं नाही तर जानकीकडं बघून बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, "हा हळू चालणारा प्रकार आहे. यावर आता गोळ्या निघाल्यात. रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत. बऱ्याच जणांचं रक्त त्यांनी ताळ्यावर येतं." मग आधीचं आजारपण विचारलं. सुधीर सांगायला लागला, तर त्या म्हणाल्या, "त्यांना सांगू द्या."

जानकीनं सगळं सांगितलं. चिमटा सांगितला, दाराआडचा माणूस सांगितला. आणि जे ओठावर येऊन आठ वर्षं अडकलं होतं, ते विचारलं.

"काय होतं त्ये? त्या औषधानं झालं का ह्ये?"

बाई म्हणाल्या, "किरणांनी रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो, हे खरं आहे. पण त्या आयोडीनची मात्रा लहान असते. हजारो लोकांनी घेतलंय, बहुतेकांना काही झालेलं नाही. काही अभ्यास म्हणतात धोका वाढत नाही, काही म्हणतात कदाचित किंचित वाढत असेल. तुम्हाला त्यानंच झालं असं मी सांगू शकत नाही. त्यानं नाहीच झालं, असंही नाही सांगू शकत."

"म्हंजे कदाचित."

"कदाचित."

जानकीच्या डोक्यात तिडीक गेली. "मग ह्ये कदाचित तवा कुणी का नाय सांगितलं मला? मी प्यायलेच असते, बाई. हात असे कापायचे की पोरीला उचलायची भीती वाटायची. मी प्यायलेच असते. पण सांगून प्यायला द्यायचं. म्हशीला औषध पाजताना पण तिच्या मानंवर हात ठेवतो आम्ही."

"सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या. उगाच सारवासारव केली नाही, एवढं त्यांचं बरं.

"आणि पोरीला आता काय व्हईल? चुकून जवळ आली, माझ्या ताटातलं खाल्लं तर?"

"कुणाला?"

"पोरीला माझ्या. धा वर्षांची हाय. ती किरणं..."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ती किरणं केव्हाच गेली. काही आठवड्यांत संपतात ती. आणि हा कॅन्सरही कुणाला लागत नाही. तुम्हाला तेव्हा लहान बाळापासून दूर राहायला सांगितलं असेल ना, आठवडा-दोन आठवडे? कडेवर घ्यायचं नाही, जवळ निजवायचं नाही, तेवढ्यापुरतंच असतं ते."

खोलीत पंखा फिरत होता. जानकीनं सुधीरकडं बघितलं. सुधीर पंख्याकडं बघत होता. आणि त्याच घडीला जानकीला तो 'बेबी' शब्द आठवला. ते हसणं आठवलं, हललेली मान आठवली. डॉक्टरांनी काय विचारलं असेल आणि यानं कशाला हो म्हटलं असेल, ते आता तिला इंग्रजी न येताही कळलं.

परतीची एसटी पनवेल सोडून पुढं गेली. सुधीरनं पाण्याची बाटली पुढं केली, तिनं घेतली नाही. माणगावच्या पुढं तोच बोलला.

"वैनी, रंजितानं तोवर फ्राक शिवले होते गो. चार-चार. पोरगी रडायची थांबली होती. परत न्यायचं कसं सांगणार तिला? आन वाडीवर शाळा तरी कुठं हाय धड? म्हटलं पुढच्या महिन्यात सांगू, मग पुढच्या..."

"डाक्टरांनी इचारलं होतं ना तुला? पोर आली का आईजवळ म्हणून?"

लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा तिनं दिराला अरे-तुरे केलं.

"त्या औषधानं माझं काय केलं ते त्या बाईला पण ठावं नाय," जानकी म्हणाली. "तू काय केलंस ते मला ठावं हाय."

तिकीट पोलादपूरचं होतं. ती महाडला उतरली. पुढं ती, मागं पिशवी घेऊन सुधीर. त्याच्या खोलीचा रस्ता तिला नीट माहीत नव्हता. पोरगी तिथं राहत असून तिला तिथं फारसं कुणी बोलावलं नव्हतं. तिनं दोन ठिकाणी विचारलं, पण मागं वळून सुधीरला विचारलं नाही.

रंजिता दारात मेथी निवडत होती. जानकीचा चेहरा बघूनच तिला उमगलं असावं, कारण ती उठली आणि दारात आडवी उभी राहिली. आत अमिता वही घेऊन बसली होती.

"आठ वर्षं मी केलंय तिचं," रंजिता म्हणाली. कुणी काही विचारायच्या आधीच म्हणाली. "गोवर आला तेव्हा मी बसले उशाशी. शाळेत मी सोडते."

"केलंस ना. कोण नाय म्हणतं? मी तुझ्या पाया पडले असते त्यासाठी." जानकीचा आवाज चढला, तशी शेजारची खिडकी उघडली. उघडली तर उघडली. "पोरगी लाडानं ठेवून घ्यायची होतीस. मागायची होतीस माझ्याकडं, रडत का होईना मी ठेवली असती. पण तिला माझी भीती कशाला शिकवलीस? माझा हात बघून मागं सरते माझी पोर. मी काय विंचू हाय?"

रंजिताच्या हातातली मेथी खाली पडली. तिनं सुधीरकडं बघितलं. सुधीर पिशवीचा बंद सोडत होता, पुन्हा बांधत होता.

"रविवारपर्यंत नेते तिला," जानकी म्हणाली. "मग कुठं राहायचं ते ती ठरवील. तिला विचारून ठरवायचं. मला नव्हतं विचारलं कुणी, तसं नाय करायचं."

अमिता काही आनंदानं आली नाही. खोटं कशाला सांगा? रंजितानं कपडे भरले तोवर ती मम्मीच्या साडीला धरून होती. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि दप्तर दोघींच्या मध्ये ठेवलं. कापड्यावरून वाडीचा चढ चढताना जानकी चार ठिकाणी बसली, तेव्हा पोर दोन हात लांब उभी राहिली. जानकीला पोरीचाही राग आला. मग त्या रागाचा राग आला. शेवटी तो सगळा राग गोळा करून ती चढ चढली. नाहीतर त्या दिवशी तिच्या पायांत काही जीव नव्हता.

घरी धोंडूबाई सुपात तांदूळ पाखडत होती. जानकीनं उभ्या उभ्याच सांगितलं. आठवडा-दोन आठवडे होतं, आत्याबाई. सुधीरला ठावं होतं. म्हातारीनं सूप खाली ठेवलं. बराच वेळ ती तोंडातल्या तोंडात लेकाला शिव्या देत होती. मग म्हणाली, "मी इचारायची गो त्याला. दर शिमग्याला इचारायची."

"इचारत बसलात," जानकी म्हणाली. "तांब्या तुमच्या हातात होता, आत्याबाई. त्यो काय इस्पितळात ठेवला होता?"

सासूला असं बोललेलं वाडीत कुणी ऐकून घेतलं नसतं. धोंडूबाईनं ऐकून घेतलं. नाथू गोठ्यातून हात पुसत आला, काय झालं म्हणून विचारायला लागला, तर म्हातारीच त्याला म्हणाली, "तू गुरांकडं जा. तुला काय कळत नाय."

सकाळी म्हातारी काठी टेकत खाली ओढ्यापर्यंत गेली आणि निंबाचा पाला घेऊन आली. अंगणात तीन दगडांवर हंडा चढवला. पाणी उकळून हिरवट झालं, त्याचा कडू वास घरभर गेला. खुंटीशी आठ वर्षं ठेवलेला पेला तिनं काढला, चुलीजवळच्या टोपलीतल्या इतर पेल्यांत टाकला आणि हातानं सगळे ढवळले. कुठला कुणाचा ते आता तिलाही ओळखता आलं नसतं.

जानकी न्हाणीच्या दगडावर पाठमोरी बसली. केस सोडले. पाठीवर, दंडावर निळे डाग होते. पुढं रोजच्या दोन गोळ्या होत्या, एक गळ्याची, एक रक्ताची. आणि ते कदाचितही होतं, ते काही निंबाच्या पाल्यानं धुऊन जाणारं नव्हतं. हे तिला चांगलं कळत होतं. ती काही भोळी राहिली नव्हती.

धोंडूबाईनं तांब्या भरला.

"तुम्ही नको," जानकी म्हणाली. "तिला घालू दे."

"थोरल्या बाईनं घालायचं असतं."

"थोरल्या बायांना आठ वर्षं होती की."

म्हातारीनं तांब्या अमिताकडं दिला. पोर उंबऱ्यावर उभी होती. तिनं आजीकडं बघितलं, हंड्याकडं बघितलं, आईच्या उघड्या पाठीकडं बघितलं. मग उतरून दोन पावलं पुढं आली आणि तिथंच थांबून, हात होता होईल तेवढा लांब करून, तिनं तांब्या उपडा केला. पाणी दगडावर पडलं. जानकीच्या टाचांवर चार थेंब उडाले, तेवढेच.

धोंडूबाई काही बोलणार होती. जानकीनं मागं न बघताच हात वर करून तिला गप्प केलं.

"अजून एक भर," ती पोरीला म्हणाली. आवाजात लाडीगोडी नव्हती, रडूही नव्हतं. आठ वर्षं तिनं स्वतःला समजावण्यात घालवली होती, आता ती कुणालाच समजावणार नव्हती. "आणि जवळ ये. तिथून पाणी पोचत नाय."